मेंदूची प्रतिमा आणि वाचेची नोंद

भाषा हा माणसाचा सर्वांत उघड व्यापार होय; पण ज्या अवयवाच्या आधाराने तो चालतो तो अवयव शरीरात सर्वांत झाकलेला आहे. जीभ, ओठ, टाळू व स्वरतंतू यांचे व्यापार ध्वनिशास्त्रज्ञास प्रत्यक्ष पाहता येतात किंवा यंत्राने मोजता येतात. मेंदूविषयी मात्र दीर्घ काळ त्याला अनुमानावरच विसंबून राहावे लागले. कवटी उघडल्यावाचून तिच्या आतील स्थिती जाणण्याची जी साधने विसाव्या शतकात सिद्ध झाली ती वैद्य, पदार्थवैज्ञानिक आणि अभियंते यांनी घडविली. भाषेच्या अभ्यासकाची सोय पाहणे हा त्यांत कोणाचाच हेतू नव्हता. तथापि भाषेला मेंदूत निश्चित असे स्थान आहे काय, हा जुना प्रश्न त्या साधनांनी नव्याने उभा केला, आणि त्याबरोबरच भाषेच्या अभ्यासकावर एक जबाबदारीही टाकली. ती जबाबदारी कोणती हे समजून घेण्यासाठी प्रथम एका मेंदूची हकीकत ध्यानी घेणे अगत्याचे आहे. कारण त्या एकाच मेंदूची तपासणी तीन वेळा, तीन निरनिराळ्या साधनांनी झाली आहे.

एका मेंदूच्या तीन तपासण्या

११ एप्रिल १८६१ रोजी पॅरिसजवळील बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा ५१ वर्षांचा रोगी शल्यवैद्य पॉल ब्रोका यांच्याकडे आणण्यात आला. त्याच्या उजव्या पायात पू होऊन तो सडू लागला होता. परंतु ब्रोका यांचे लक्ष वेधले ते त्याच्या बोलण्याने. कोणताही प्रश्न विचारला तरी तो 'तां, तां' एवढेच उत्तर देई. या एका अक्षराला तो निरनिराळे स्वराघात देई, हातवारे करी, आणि आपले म्हणणे कोणाला कळत नाही असे पाहून चिडला म्हणजे एक शिवीवजा उद्गारही काढी. रुग्णालयात 'तां' हेच त्याचे नाव होऊन बसले होते. त्याला ऐकलेले बहुतेक सर्व कळत असे. येथे किती वर्षे आहेस असे विचारता त्याने डाव्या हाताची पाची बोटे चार वेळा उघडून शेवटी एक बोट दाखविले. एकवीस ही संख्या बरोबर होती.

सहा दिवसांनी, १७ एप्रिल रोजी, तो मरण पावला. दुसऱ्याच दिवशी ब्रोका यांनी त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र परिषदेपुढे ठेवला. डाव्या अग्रखंडात मोठी पोकळी पडलेली दिसत होती. रोगाचा इतिहास असा होता की, प्रथम केवळ वाचा गेली, सुमारे दहा वर्षांनी उजवा हात लुळा पडू लागला आणि त्यानंतर पाय. या क्रमावरून ब्रोका यांनी अनुमान केले की, क्षतीचा आरंभ तिसऱ्या अग्रवळीच्या मागच्या भागात झाला असावा व तेथून ती पसरत गेली असावी. त्याच वर्षी लेलाँ नावाच्या ८४ वर्षांच्या दुसऱ्या रोग्याच्या मेंदूतही जवळजवळ त्याच ठिकाणी क्षती आढळली. लेलाँ याला पाचच शब्द येत: 'होय', 'नाही', 'नेहमी' या अर्थांचे तीन, 'तीन' या संख्येचा मोडका उच्चार, आणि स्वतःच्या नावाचा एक तुकडा. कोणतीही संख्या सांगावयाची झाली तरी तो 'तीन' म्हणे व खरी संख्या बोटांनी दाखवी. मुले किती, या प्रश्नाला त्याने तोंडाने 'तीन' म्हटले आणि बोटे चार दाखविली. या दोन रोग्यांपासून 'ब्रोकाचे क्षेत्र' ही संज्ञा रूढ झाली व वाचेचे केंद्र म्हणून ती सर्वत्र शिकविली जाऊ लागली.

ब्रोका यांनी हे मेंदू कापले नाहीत, मद्यार्कात घालून जतन केले. कापले असते तर आतील क्षती त्यांना अधिक नीट दिसली असती. पण मग पुढील पिढ्यांना काहीच उरले नसते. त्यांच्या या निर्णयामुळे १९८४ मध्ये सिन्योरे व त्यांचे सहकारी यांना लबोर्न्यच्या मेंदूची सीटी यंत्राने केलेली पाहणी प्रसिद्ध करता आली. आणि २००७ मध्ये नीना ड्रॉन्कर्स व त्यांचे सहकारी यांनी दोन्ही मेंदूंच्या, एमआरआय यंत्राने घेतलेल्या सूक्ष्म प्रतिमा प्रसिद्ध केल्या. त्यांत दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, दोन्ही मेंदूंतील क्षती पृष्ठभागावर थांबलेली नव्हती. मेंदूच्या पुढच्या व मागच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंच्या मोठ्या जुडग्यापर्यंत ती खोल गेलेली होती. दुसरी, आज ज्याला ब्रोकाचे क्षेत्र म्हणतात त्याचा केवळ काही भागच लेलाँच्या मेंदूत नष्ट झालेला होता. म्हणजे ज्या दोन मेंदूंवरून त्या क्षेत्राला ते नाव मिळाले त्याच मेंदूंनी, केवळ तेवढे क्षेत्र बिघडल्याने वाचा गेली या मताला पूर्ण आधार दिला नाही. ब्रोका यांच्या निरीक्षणात चूक नव्हती. त्यांनी जे पाहिले ते डोळ्यांना बाहेरून दिसत होते तेवढे होते. साधन बदलले तसे दिसणे बदलले, आणि दिसणे बदलले तसे उत्तरही बदलले.

छायेवरून अनुमान

विल्हेल्म रंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला तेव्हा शरीराच्या आतले सर्व काही आता दिसणार असे अनेकांस वाटले. परंतु क्ष-किरणांनी दिसते ती छाया, आणि छाया पडावयास शेजारशेजारच्या पदार्थांच्या घनतेत पुरेसा फरक असावा लागतो. हाड व हवा यांत तो फार मोठा असतो. म्हणून कवटीचा भंग, मणक्यांची झीज किंवा नाकाभोवतीच्या हवेच्या पोकळ्यांत, म्हणजे सायनसमध्ये, साचलेला पू हे साध्या क्ष-किरण चित्रात ओळखता येऊ लागले. मेंदूचे तसे नव्हते. त्याचे करडे द्रव्य, श्वेत द्रव्य, आतील पोकळ्यांतला द्रव आणि त्यात वाढलेली गाठ या साऱ्यांची घनता इतकी सारखी असते की, हाडाच्या दाट छायेत ती एकमेकांपासून वेगळी पडत नाहीत.

यावर वैद्यांनी जी युक्ती योजिली ती अशी की, मेंदू दिसत नसेल तर त्याच्या शेजारी जे आहे ते दिसेल असे करावे. बाल्टिमोर येथील शल्यवैद्य वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये कवटीला भोक पाडून मेंदूतील पोकळ्यांतील द्रव काढला व त्या जागी हवा भरली. पुढच्या वर्षी कमरेच्या मणक्यांतून हवा वर चढविण्याची रीत त्यांनी वर्णन केली. फ्रान्समध्ये सिकार व फॉरेस्तिए यांनी १९२१ च्या सुमारास आयोडीनयुक्त तेल पाठीच्या कण्यात सोडून मज्जारज्जूवर कोठे दाब पडला आहे हे दाखविले. लिस्बन येथील एगाश मोनिझ यांनी १९२७ मध्ये मानेतील रोहिणीत आयोडीनयुक्त द्रव्य टोचून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र मिळविले. या सर्व पद्धतींत गाठ स्वतः दिसत नसे. पोकळी एका बाजूस ढकलली गेली आहे, रक्तवाहिनी वाकली आहे, यावरून गाठ ओळखावयाची असे. हवा भरल्यानंतर रोग्यास तीव्र डोकेदुखी व वांत्या होत, आणि त्या क्रियेत धोकाही असे. त्यामुळे वाचा हरपलेल्या सर्वच रोग्यांवर तिचा प्रयोग करणे शक्यच नव्हते.

भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या कालखंडाची मोठी अडचण निराळीच होती. रोग्याचे बोलणे त्याच्या जिवंतपणी ऐकावयाचे आणि मेंदूची क्षती त्याच्या मरणानंतर पाहावयाची, अशी स्थिती असे. मधल्या वर्षांत रोगी थोडाबहुत सुधारलेला असे, क्वचित त्याला दुसरा झटका आलेला असे. जे बोलणे नोंदलेले आहे ते आणि जी क्षती पुढे आली ती एकाच काळची आहेत अशी खात्री कोणासही देता येत नसे.

छेद आणि अंक

ही अडचण दूर केली ती सीटी यंत्राने. नेहमीच्या क्ष-किरण चित्रात शरीराची सारी खोली एकाच पृष्ठावर दाबली जाते. पुस्तकाची सर्व पाने पारदर्शक करून एकावर एक ठेवली तर अक्षरे दिसतील, पण वाचता येणार नाहीत. तसेच हे होय. सीटीमध्ये किरणांची एक बारीक शलाका डोक्याच्या एकाच पातळीतून अनेक कोनांनी पाठविली जाते, प्रत्येक वेळी किती किरण आत शोषले गेले हे मोजले जाते, आणि त्या सर्व मापनांवरून त्या पातळीतील प्रत्येक बिंदूची घनता गणिताने काढली जाते. अशी उलट आकडेमोड शक्य आहे हे ऑस्ट्रियन गणिती योहान राडॉन यांनी १९१७ मध्येच सिद्ध केले होते. ॲलन कॉर्मॅक यांनी १९६३ व १९६४ मध्ये क्ष-किरणांच्या संदर्भात तिचे स्वतंत्र गणित मांडले. प्रत्यक्ष यंत्र उभे केले ते ध्वनिमुद्रिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय या कंपनीतील अभियंता गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी. लंडनजवळील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी एका स्त्रीच्या मेंदूची पहिली तपासणी झाली आणि अग्रखंडातील गाठ प्रतिमेत दिसली. या यंत्रात १८० कोनांतून प्रत्येकी १६० याप्रमाणे २८,८०० मापने घेतली जात, आणि त्यांवरून ८० गुणिले ८० चौकटींची प्रतिमा तयार होई. आजच्या मानाने ती ओबडधोबड होती. पण तीत मेंदू स्वतः दिसत होता. हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सीटीची प्रतिमा हे वस्तुतः अंकांचे कोष्टक असते. पाण्यास शून्य व हवेस उणे १,००० असे मूल्य देऊन बाकीच्या पदार्थांची मूल्ये त्या मापाने ठरतात. ताजे साकळलेले रक्त मेंदूपेक्षा अधिक मूल्याचे असल्याने पांढरे दिसते; जुन्या झटक्याने नष्ट झालेल्या जागी द्रव भरलेला असल्याने ती काळी दिसते. मात्र रक्तवाहिनीत गुठळी अडकून रक्तपुरवठा थांबला असेल तर पहिल्या काही तासांत सीटीची प्रतिमा जवळजवळ निर्दोष दिसू शकते. प्रतिमेत काही दिसत नाही म्हणून मेंदूत काही घडलेले नाही, असे म्हणता येत नाही.

वाचाघाताच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषेत येणाऱ्या वैगुण्याच्या, अभ्यासावर या साधनाचा परिणाम लगेच झाला. जिवंत रोग्याची क्षती आणि त्याचे बोलणे यांची तुलना एकाच आठवड्यात करता येऊ लागली. १९७८ मध्ये नेझर व हेवर्ड यांनी वाचाघाताचे प्रकार आणि सीटीतील क्षतींची स्थाने यांचा मेळ घालून दाखविला. त्याच वर्षी मोर आणि त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले की, क्षती केवळ ब्रोकाच्या क्षेत्रापुरती असेल तर रोग्याची वाचा काही काळ बंद पडते, पण ती बऱ्याच अंशी परत येते; कायमचा वाचाघात होण्यास क्षती बरीच विस्तृत व खोल असावी लागते. लबोर्न्यच्या मेंदूने पुढे जे सांगितले ते या रोग्यांनी आधीच सुचविले होते.

पाण्याची साक्ष

एमआरआय, म्हणजे चुंबकीय अनुस्पंदनाने घेतलेली प्रतिमा, ही क्ष-किरणांवर मुळीच अवलंबून नाही. शरीरात सर्वत्र पाणी आहे व पाण्यात हायड्रोजन आहे. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनची अणुकेंद्रके एका ठराविक वारंवारतेने डोलतात, १.५ टेस्ला तीव्रतेच्या क्षेत्रात ही वारंवारता सेकंदाला सुमारे ६.४ कोटी इतकी असते. तेवढ्याच वारंवारतेची रेडिओ लहर सोडली की केंद्रके ती ऊर्जा घेतात, आणि लहर थांबताच पूर्वस्थितीस येताना स्वतः संकेत देतात. पूर्वस्थितीस येण्याचा वेग भोवतालच्या द्रव्यानुसार बदलतो, म्हणून करडे द्रव्य, श्वेत द्रव्य, द्रव आणि सूज यांचे संकेत निरनिराळे असतात. संकेत कोठून आला हे ओळखण्यासाठी क्षेत्राची तीव्रता जागोजागी थोडी बदलावी, ही कल्पना पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली. इंग्लंडमध्ये पीटर मॅन्सफील्ड यांनी गणिताची व वेगाची बाजू सिद्ध केली. दोघांस २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या साधनाचे वैशिष्ट्य असे की, एकाच यंत्रास निरनिराळे प्रश्न विचारता येतात. पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हलतात हा प्रश्न विचारला तर ताजा झटका ओळखता येतो. कारण रक्तपुरवठा तुटलेल्या पेशी फुगतात व पाण्याची हालचाल अडते. सीटीत काहीच दिसत नसताना ही खूण उमटलेली असू शकते. तेच पाणी कोणत्या दिशेस अधिक सहज सरकते असे विचारले तर तंतूंच्या जुडग्यांची दिशा कळते, कारण पाणी तंतूच्या लांबीच्या दिशेने वाहू पाहते. १९९४ मध्ये पीटर बॅसर व त्यांचे सहकारी यांनी या रीतीस गणिती रूप दिले, व त्यावरून मेंदूतील जोडमार्गांचे आराखडे काढता येऊ लागले. तथापि या आराखड्यांत दिसणाऱ्या रंगीत रेषा म्हणजे तंतू नव्हेत. पाण्याच्या हालचालीवरून केलेले ते अनुमान होय. जेथे दोन मार्ग एकमेकांस छेदून जातात तेथे ते अनुमान चुकू शकते.

कार्याची प्रतिमा आणि लघुतम युग्म

आतापर्यंत वर्णिलेल्या प्रतिमा मेंदूच्या रचनेच्या आहेत. मेंदू काम करीत असताना त्याचे चित्र घ्यावे, या प्रयत्नास भाषेच्या बाबतीत मोठे वळण मिळाले ते १९८८ मध्ये. पीटरसन, फॉक्स, पोझ्नर, मिंटुन व राइकल यांनी अल्पकाळ किरणोत्सर्गी असणाऱ्या द्रव्याच्या साह्याने मेंदूतील रक्तप्रवाह मोजला. त्यांनी कामे पायरीपायरीने वाढविली: नुसते बिंदूकडे पाहणे, शब्द पाहणे किंवा ऐकणे, तो उच्चारणे, आणि नामास साजेसे क्रियापद सांगणे. मग वरच्या पायरीच्या प्रतिमेतून खालच्या पायरीची प्रतिमा वजा केली. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी असे दाखविले की, रक्तातील प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित बदल घडविते, आणि त्यावरून रक्तपुरवठ्याचा मागोवा एमआरआयनेच घेता येतो. १९९२ पासून ही कार्यदर्शी पद्धती माणसावर वापरात आली. तीस किरणोत्सर्गी द्रव्याची गरज नसल्याने तिचा प्रसार झपाट्याने झाला.

वजाबाकीची ही रीत भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास परकी वाटू नये. 'काल' आणि 'गाल' या लघुतम युग्मात एका ध्वनीवाचून सर्व सारखे आहे, म्हणून अर्थभेदाचे कारण तो ध्वनीच, असा निष्कर्ष निघतो. परंतु हा निष्कर्ष निघतो तो उरलेले सर्व खरोखरच सारखे आहे म्हणून. मानसिक कार्यांविषयी तशी खात्री नसते. शब्द नुसता पाहावयास सांगितला तरी वाचकाचे मन त्याचा अर्थ लावल्यावाचून राहत नाही. मग 'अर्थासह पाहणे' उणे 'नुसते पाहणे' या वजाबाकीत उरते काय? प्रतिमा कितीही रेखीव असली तरी तिचे मोल कार्यांच्या निवडीइतकेच असते, आणि ती निवड करताना भाषेचे विश्लेषण अचूक असावे लागते.

दुसरी मर्यादा काळाची आहे. बोलणारा सेकंदास साधारणतः चार-पाच अक्षरे उच्चारतो. रक्तप्रवाहाचा प्रतिसाद मात्र शिखरास पोहोचावयास सुमारे पाच सेकंद लागतात. एक वाक्य बोलून संपते तेव्हा त्याच्या पहिल्या शब्दाचा संकेत अजून वर चढत असतो. तिसरी मर्यादा संख्याशास्त्राची. एका प्रतिमेत हजारो बिंदूंची एकाच वेळी परीक्षा होते, आणि एवढ्या परीक्षांत काही बिंदू केवळ योगायोगानेच चमकतात. २००९ मध्ये क्रेग बेनेट व त्यांचे सहकारी यांनी एक मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे दाखविली. आवश्यक ती दुरुस्ती न केल्यास त्याच्याही मेंदूत 'कार्य' आढळते, हे त्यांनी दाखवून दिले. २०१६ मध्ये एक्लुंड, निकोल्स व क्नुट्सन यांनी असे सिद्ध केले की, प्रचलित आज्ञावल्यांच्या काही रीतींत खोट्या निष्कर्षांचे प्रमाण अपेक्षित ५ टक्क्यांऐवजी ७० टक्क्यांपर्यंतही जाऊ शकते. यावरून पद्धतीच त्याज्य ठरत नाही; तिचे निकाल स्वीकारताना कोणती चौकशी करावी हे ठरते.

सर्वांत महत्त्वाचा भेद तर्काचा आहे. कार्यदर्शी प्रतिमा सांगते की, अमुक भाग त्या कामात सहभागी झाला. तो भाग त्या कामास आवश्यक आहे असे ती सांगत नाही. आवश्यकता कळते ती क्षतीवरून. म्हणूनच मेंदूतील गाठ काढण्यापूर्वी शल्यवैद्य कार्यदर्शी प्रतिमेवर सर्वस्वी विसंबत नाहीत. भाषेच्या स्थानाजवळची गाठ काढावयाची असल्यास रोग्यास जागे ठेवून, चित्रांतील वस्तूंची नावे सांगावयास लावून, सूक्ष्म विद्युत्प्रवाहाने एकेका जागेची परीक्षा घेतात. जॉर्ज ओजेमन व त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये अशा ११७ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत ही स्थाने माणसागणिक पुष्कळच बदलतात असे आढळले. पाठ्यपुस्तकातील नकाशा अशा वेळी शल्यवैद्याच्या हाताला पुरेसा ठरत नाही.

रोग्याच्या खाटेशी

या साऱ्या विवेचनाचा व्यवहाराशी संबंध फार जवळचा आहे. रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविण्याचे औषध झटका आल्यापासून सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते देण्यापूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला नाही याची सीटीने खात्री करून घ्यावी लागते. परंतु रोग्यास यंत्रापर्यंत नेले पाहिजे हे कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. हात लुळा पडला तर ते घरच्यांच्या लगेच ध्यानात येते. याउलट १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी वर्णिलेल्या प्रकारात रोग्याचे हातपाय धड असू शकतात, तो अस्खलित बोलतो, स्वराघातही नेहमीचेच असतात. पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणे त्यास कळत नाही. घरचे लोक म्हणतात, यांना भ्रम झाला. क्वचित वैद्यही तसेच समजतो. मोलाचे तास त्यात निघून जातात. भ्रमिष्टाची वाक्ये घडलेली असतात, विचार विस्कटलेला असतो. येथे शब्दच विस्कटलेले असतात. हा भेद प्रथम कानाने ओळखावयाचा आहे. यंत्राची पाळी त्यानंतर येते.

येथे मराठीच्या अभ्यासकाचा प्रश्न उपस्थित होतो. वाचाघाताच्या प्रचलित चाचण्यांपैकी पुष्कळ मुळात इंग्रजीसाठी रचलेल्या आहेत. त्यांचे केवळ भाषांतर केले तर चाचणीचे नाव तेच राहते, पण तिने मोजावयाची गोष्ट बदलते. इंग्रजीत कोणी कोणाला मारले हे शब्दक्रमावरून कळते. मराठीत 'माणसाने वाघाला मारले' आणि 'वाघाला माणसाने मारले' यांत क्रम बदलला तरी कर्ता तोच राहतो. 'वाघाने माणसाला मारले' म्हणताच तो बदलतो. म्हणजे इंग्रजी वाक्याने जेथे क्रमाची जाण तपासली जाते तेथे मराठी वाक्याने प्रत्ययांची जाण तपासली जाते. दोन रोग्यांच्या प्रतिमांत क्षती एकाच ठिकाणी दिसली व गुण निराळे पडले, तर तो फरक मेंदूचा की भाषेचा, हे कसे ठरवावयाचे?

व्याकरण तुटलेल्या बोलण्याविषयीही हेच. असा रोगी प्रत्यय गाळतो, असे इंग्रजीवरून सांगितले जाते. इंग्रजीत 'वॉक्ड' मधील प्रत्यय गळाला तरी 'वॉक' हा पूर्ण शब्द उरतो. मराठीत 'पाण्यात' मधील 'त' गळाला तर उरणारे 'पाण्या' हे रूप स्वतंत्रपणे उभे राहू शकत नाही. अशा भाषांत रोगी प्रत्यय गाळण्याऐवजी चुकीचा प्रत्यय लावतो, असे अनेक भाषांच्या तौलनिक अभ्यासात दिसून आले आहे. लीझ मेन व लोरेन ओब्लर यांनी १९९० मध्ये संपादित केलेल्या अशा एका बृहद्ग्रंथात चौदा भाषांतील रोग्यांची बोलणी शब्दशः दिली आहेत. त्यांत हिंदी आहे, मराठी नाही.

मराठीपुरता विचार केला तर 'मुलीने आंबा खाल्ला' याऐवजी एक रोगी 'मुलीने आंबा खाल्ली' म्हणेल, दुसरा 'मुलीने आंबा खातो' म्हणेल. पहिल्याने भूतकाळाचे रूप योग्य निवडले, पण क्रियापदाचा मेळ कर्माऐवजी कर्त्याशी घातला. दुसऱ्याने 'ने' प्रत्यय व काळ यांचा परस्परसंबंधच सोडला. 'क्रियापदाचे रूप चुकले' एवढीच नोंद केली तर दोघे एकाच रकान्यात पडतील. बोलींचे भान नसल्यास याहूनही मोठी चूक घडेल. कोल्हापूरकडील स्त्रीच्या तोंडी 'मी आलो' हे रूप अगदी सहज असते. पुणेरी प्रमाणरूप जाणणाऱ्या परीक्षकाने तेथे लिंगाची चूक नोंदविली, तर जन्मभर बरोबर बोलत आलेल्या स्त्रीच्या बोलीलाच मेंदूचा विकार ठरविल्यासारखे होईल. रोगी झटक्यापूर्वी कसा बोलत होता, कोणती बोली, आणखी कोणत्या भाषा, ही चौकशी घरच्या माणसांकडे करणे म्हणूनच अपरिहार्य आहे.

समारोप

सीटीच्या पहिल्या प्रतिमेतील ८० गुणिले ८० चौकटींपासून आजच्या एमआरआयमधील मिलिमीटरच्या सूक्ष्मतेपर्यंत प्रतिमेची प्रगती झाली. वाचेची नोंद मात्र पुष्कळदा 'बोलतो', 'अडखळत बोलतो', 'बोलत नाही' एवढ्यावरच थांबते. तुलनेच्या दोन बाजूंपैकी एक बाजू सूक्ष्म आणि दुसरी ढोबळ असेल तर निघणारा निष्कर्ष ढोबळ बाजूइतकाच असतो. यंत्राची सूक्ष्मता वाढविणे हे भाषेच्या अभ्यासकाच्या हाती नाही. नोंदीची सूक्ष्मता वाढविणे हे त्याच्याच हाती आहे. त्यासाठी लागणारी सामग्री, म्हणजे ध्वनिमुद्रण, शब्दशः लेखन, प्रत्ययांचे पृथक्करण आणि बोलीची माहिती, भाषाशास्त्राच्या कोणत्याही विभागास सहज साध्य आहे.

लबोर्न्यचा मेंदू आजही पॅरिसमध्ये जतन केलेला आहे. उद्या अधिक प्रभावी साधन निघाले तर त्याची चौथी तपासणी होऊ शकेल. त्याचे बोलणे मात्र पुन्हा ऐकता येणार नाही. 'तां' या अक्षराला तो कोणकोणते स्वराघात देत होता, प्रश्नाला एक आणि तक्रारीला दुसरा असे काही होते काय, हे आज कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. त्या एप्रिल महिन्यातील सहा दिवसांत आणि रुग्णालयातील लोकांच्या आठवणीतून ब्रोका यांनी जेवढे टिपून ठेवले तेवढेच उरले आहे.